उबंटू पुन्हा टाकायचे आहे. वाचनालयाची ध्वनिमुद्रणे आणि कोहाच्या नोंदी सुरक्षित कशा ठेवाव्यात?

ग्रंथपाल, दिग्रस तालुका (यवतमाळ)

नमस्कार. मी दिग्रस तालुक्यातील एका गावच्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. वाचनालयाच्या डेस्कटॉप संगणकावर उबंटू २०.०४ ही लिनक्स प्रणाली आहे आणि त्यात ५०० जीबीची जुन्या पद्धतीची, फिरणारी हार्डडिस्क आहे. मागे एकदा अपडेट चालू असताना वीज गेली, इन्व्हर्टरची बॅटरी उतरलेली होती, त्यामुळे संगणक तिथल्या तिथे बंद पडला. तेव्हापासून सुरू करताना उबंटूचे चिन्ह दिसते आणि पुढे पडदा काळाच राहतो. तालुक्याच्या ठिकाणी एका दुकानात विचारले असता, फॉरमॅट मारून नवीन सिस्टिम टाकावी लागेल आणि आतल्या फाइल राहतील याची हमी देता येणार नाही, असे उत्तर मिळाले. म्हणून संगणक तिथे न ठेवता परत घेऊन आले.

या संगणकात सुमारे १८० जीबीची ध्वनिमुद्रणे आहेत. आमच्या वाचनालयाने परिसरातील गावांतून जात्यावरच्या ओव्या, तांड्यांवरची होळीची लेंगी आणि पचमढीच्या यात्रेला जाताना म्हटली जाणारी महादेवाची गाणी मुद्रित करून ठेवली आहेत. ज्यांनी ती गायली त्यांच्यापैकी काही जणी आज हयात नाहीत, त्यामुळे ही मुद्रणे पुन्हा करता येण्यासारखी नाहीत. त्यांतील थोडी मुद्रणे आमच्या एका सेवानिवृत्त गुरुजींच्या विंडोज लॅपटॉपवर आहेत, परंतु सगळी नाहीत. याशिवाय जुन्या दाखल नोंदवहीची स्कॅन केलेली पाने, लिब्रेऑफिसमधील पत्रव्यवहार आणि फायरफॉक्समध्ये साठवलेले पासवर्ड आहेत. पुस्तकांची आणि सभासदांची सर्व नोंद कोहा या ग्रंथालय-प्रणालीत आहे, जी एका स्वयंसेवकाने याच संगणकावर बसवून दिली होती. ते आता परदेशी असतात.

'होम'साठी, म्हणजे वापरकर्त्याच्या फाइली असतात त्या फोल्डरासाठी, वेगळे पार्टिशन (डिस्कचा स्वतंत्र भाग) केलेले नाही. सगळे एकाच पार्टिशनमध्ये आहे. गावात इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवरूनच चालते, त्यामुळे एवढा डेटा ऑनलाइन चढवणे शक्य नाही. समितीने एक टीबीची बाहेरून जोडायची नवीन डिस्क घेऊन दिली आहे आणि उबंटू २४.०४ चा पेनड्राइव्ह मी तयार केला आहे. इन्स्टॉल करताना 'होम' तसेच ठेवून बाकीची सिस्टिम नवीन टाकता येते, असे वाचनात आले. तो मार्ग विश्वासाचा आहे का, आणि कोणत्या क्रमाने काम करावे, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

---

तंत्रस्नेही शिक्षक, आर्वी (वर्धा)

ताई, संगणक दुकानात ठेवला नाहीत हे फार चांगले केलेत. काळा पडदा आला म्हणजे फाइल गेल्या असे मुळीच नाही. अपडेट अर्धवट राहिल्यामुळे सिस्टिमची काही पॅकेजेस एकमेकांशी जुळेनाशी झाली असतील. आपली मुद्रणे डिस्कवर जशीच्या तशी असण्याची शक्यता मोठी आहे. तोपर्यंत एकच पथ्य पाळावे: सर्व फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर जाऊन ती तपासून होईपर्यंत इन्स्टॉलचे बटण दाबू नये. 'होम' तसेच ठेवण्याची सोय ही सोयच आहे, तिला बॅकअप समजू नये, कारण त्या मार्गात आपल्या फाइली आणि एक चुकीची खूण यांच्यामध्ये दुसरे काहीही उभे नसते.

आपण तयार केलेला पेनड्राइव्ह लावून संगणक सुरू करा आणि इन्स्टॉल न निवडता 'ट्राय उबंटू' निवडा. याला लाइव्ह सत्र म्हणतात. यात सिस्टिम पेनड्राइव्हवरून आणि रॅममधून चालते आणि आतल्या हार्डडिस्कला आपण सांगेपर्यंत हात लागत नाही. येथे नवख्या माणसाची एक गफलत होते, ती आधीच सांगून ठेवतो. लाइव्ह सत्रात जे 'होम' आणि जो डेस्कटॉप दिसतो तो आपला नसतो, तो त्या सत्रापुरता तयार झालेला असतो आणि संगणक बंद करताच नाहीसा होतो. आपल्या फाइली पाहायच्या असतील तर फाइल मॅनेजरच्या डाव्या पट्टीत ५०० जीबीची डिस्क दिसेल, ती उघडून तिच्यातील 'होम' आणि त्यात आपल्या नावाचे फोल्डर शोधावे. प्रतही सत्राच्या डेस्कटॉपवर न करता थेट बाहेरच्या डिस्कवरच करावी.

फोल्डर उघडल्यावर कंट्रोल आणि एच ही बटणे एकत्र दाबावीत, म्हणजे टिंबाने सुरू होणारी लपलेली फोल्डरे दिसू लागतील. फायरफॉक्सचे पासवर्ड आणि बुकमार्क उबंटू २०.०४ मध्ये '.मोझिला' या फोल्डरात असतात, लिब्रेऑफिसमध्ये आपण जमवलेला मराठी शब्दसंग्रह '.कॉन्फिग'मध्ये असतो, स्वतः टाकलेले फाँट '.फाँट्स' किंवा '.लोकल'मध्ये असतात. जुना पत्रव्यवहार युनिकोडपूर्व मराठी फाँटमध्ये टाइप केलेला असेल, तर त्या फाँटची फाइल गेल्यावर कागद उघडेल पण वाचता येणार नाही, म्हणून फाँट अवश्य घ्यावेत. 'डॉक्युमेंट्स', 'म्युझिक' अशी निवडक फोल्डरे उचलण्याऐवजी आपल्या नावाचे संपूर्ण फोल्डर घेणे हेच शहाणपणाचे.

बाहेरची डिस्क बहुधा एक्सफॅट किंवा एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेली असते. त्या पद्धतींत लिनक्समधील मालकी आणि परवानग्या जशाच्या तशा टिकतील यावर विसंबता येत नाही. डिस्क अगदी नवीन आणि रिकामी असल्यामुळे 'डिस्क्स' या प्रोग्रॅममधून तिला लिनक्सच्या ईएक्सटी४ पद्धतीने फॉरमॅट करून घेणे मला योग्य वाटते. तसे करण्यापूर्वी डाव्या बाजूला एक टीबीचीच डिस्क निवडलेली आहे, ५०० जीबीची नव्हे, हे क्षमता वाचून नक्की करावे. नावावर विसंबू नये. अशी डिस्क विंडोजमध्ये थेट उघडत नाही, हे मात्र समितीला आधी सांगून ठेवावे.

प्रत करण्यासाठी फाइल मॅनेजर चालेल, परंतु टर्मिनलवर 'सूडो' (व्यवस्थापकाचे अधिकार देणारी आज्ञा) लावून 'आरसिंक' (प्रत करणारी आज्ञा) वापरणे अधिक बरे, कारण वीज गेली आणि काम मध्येच थांबले तर तीच आज्ञा पुन्हा दिल्यावर पूर्ण झालेल्या फाइली ते वगळते आणि पुढचे काम हाती घेते. 'सूडो' यासाठी की लाइव्ह सत्रातील वापरकर्ता वेगळा असतो आणि आपली काही खासगी फोल्डरे त्याला उघडता येत नाहीत. फाइल मॅनेजरने प्रत करताना अशा फोल्डरांसाठी चूक दाखवली आणि आपण घाईत 'स्किप' दाबले, तर ती मागेच राहतात.

आता तपासणी. प्रत पूर्ण झाल्याची पट्टी भरली तरी बराच मजकूर रॅममध्येच असतो आणि डिस्कवर सावकाश लिहिला जात असतो. म्हणून आधी 'इजेक्ट' करावे, डिस्क काढता येईल असा संदेश येईपर्यंत थांबावे, मग डिस्क काढून पुन्हा लावावी. पुन्हा लावायचे कारण असे की त्याशिवाय केलेली तपासणी रॅममधील प्रतीशीच जुळवली जाऊ शकते, आणि आपल्याला तर डिस्कवर प्रत्यक्ष काय उतरले ते पाहायचे आहे. त्यानंतर 'आरसिंक'ला 'चेकसम' आणि 'ड्राय-रन' हे दोन पर्याय जोडून तीच आज्ञा द्यावी. ते दोन्हीकडच्या प्रत्येक फाइलीचा मजकूर वाचून तुलना करते, पण लिहीत काहीच नाही. फरक असलेल्या फाइलींची नावे पाहण्यासाठी 'आयटमाइझ-चेंजेस' हाही पर्याय लावावा. एकही फाइल आली नाही तर प्रत खरी. १८० जीबीला यात काही तास जातील, ते जाऊ द्यावेत. शेवटी वेगवेगळ्या फोल्डरांतील काही ध्वनिमुद्रणे बाहेरच्या डिस्कवरून, शक्य तर दुसऱ्या एखाद्या संगणकावर, कानाने ऐकून पाहावीत.

---

संगणक दुरुस्ती, मूर्तिजापूर (अकोला)

वरच्या सरांनी सांगितलेले सगळे बरोबर आहे. माझा धंदाच दुरुस्तीचा असल्यामुळे त्यात दोन गोष्टी जोडतो.

पहिली गोष्ट, १८० जीबीची प्रत सुरू करण्याआधी डिस्कची तब्येत बघा. चालू डिस्कची वीज एकाएकी जाणे तिला मानवत नाही, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर असताना पंख्याखाली ठेवलेल्या संगणकाच्या पेटीत काय होत असेल ते वेगळे सांगायला नको. लाइव्ह सत्रातच 'डिस्क्स' उघडा, ५०० जीबीची डिस्क निवडा आणि मेनूमधून 'स्मार्ट डेटा' पाहा. त्यात 'रीअलोकेटेड सेक्टर' आणि 'पेंडिंग सेक्टर' या ओळींपुढे शून्य असेल तर निश्चिंतपणे प्रत करा. पेंडिंगचा आकडा वाढलेला असेल किंवा डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर फाइली एकेक करून उचलू नका. अशा वेळी 'डीडीरेस्क्यू' हा प्रोग्रॅम वापरतात. तो आधी नीट वाचता येणारा भाग भराभर काढून घेतो, खराब जागा मागे ठेवतो आणि शेवटी त्यांच्याकडे वळतो, शिवाय कुठवर काम झाले त्याची नोंद ठेवतो, म्हणून मध्ये वीज गेली तरी पुढून सुरू करता येते. त्यासाठी मूळ डिस्कपेक्षा मोठी रिकामी डिस्क लागते. तुमची एक टीबीची पुरेल.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. माझ्या मते जुन्या डिस्कवर नवीन उबंटू टाकूच नका. एक लहान २४० किंवा २५६ जीबीची एसएसडी घ्या, संगणक उघडून जुन्या डिस्कची डेटा केबल काढून बाजूला करा, आणि एकटी एसएसडी जोडलेली असताना इन्स्टॉल करा. इन्स्टॉलरला जी डिस्क दिसतच नाही ती तो पुसू शकत नाही. 'इरेज डिस्क अँड इन्स्टॉल उबंटू' हा पर्याय वाचायला साधा वाटतो, परंतु तो निवडलेल्या डिस्कवरची सगळी पार्टिशने पुसतो, त्यांत डेटासाठी वेगळे ठेवलेले पार्टिशन असले तरी ते सोडत नाही. केबल काढलेली असेल तर या पर्यायाची भीती उरत नाही, उलट तोच सर्वांत सोपा होतो. नवीन सिस्टिम नीट चालू झाल्यावर जुनी डिस्क पुन्हा जोडा किंवा कपाटात ठेवून द्या. म्हणजे मूळ एक, बाहेरची प्रत एक, असे दोन ठिकाणी सामान राहिले.

'नंतर रिकव्हरी सॉफ्टवेअरने काढू' या भरवशावर कोणी राहू नये. फिरत्या डिस्कवर फॉरमॅट झाल्यावर 'फोटोरेक'सारख्या प्रोग्रॅमने बऱ्याच फाइली मिळतात, पण त्या मूळ नावाने मिळत नाहीत, आकड्यांच्या नावांनी मिळतात. तुमच्या ओव्यांची गायिका कोण, गाव कोणते, हे जर फाइलीच्या नावातच लिहिलेले असेल, तर आवाज मिळूनही ओळख जाईल. एसएसडीवर तर तेवढेही मिळत नाही. ईएक्सटी४ फॉरमॅट करतानाच एसएसडीला जागा मोकळी झाल्याची सूचना दिली जाते आणि जुना मजकूर बहुतेक कायमचा जातो.

---

ग्रंथालय-प्रणाली पाहणारा, अमरावती

'होम'ची चर्चा चांगली झाली, पण ताईंच्या प्रश्नातील कोहाचा भाग मागे पडू नये, कारण कोहाच्या नोंदी 'होम'मध्ये नसतात. त्या मारियाडीबी किंवा मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये असतात आणि त्याचे फोल्डर 'व्हार' या सिस्टिमच्या फोल्डराच्या आत 'लिब'मध्ये असते. कोहाची मांडणी (सेटिंग) 'ईटीसी' या दुसऱ्या फोल्डरात असते. संपूर्ण 'होम' अगदी काटेकोरपणे घेतले आणि 'व्हार' राहिले, तर ध्वनिमुद्रणे वाचतील पण पुस्तकांची आणि सभासदांची सगळी नोंद जाईल.

याच कारणासाठी 'होम तसेच ठेवून वरून इन्स्टॉल' या मार्गाविरुद्ध माझे स्पष्ट मत आहे. उबंटूच्या जुन्या इन्स्टॉलरमध्ये, म्हणजे २२.०४ पर्यंतच्या डेस्कटॉप आवृत्तीत, आपण स्वतः पार्टिशन निवडून फॉरमॅटची खूण काढली, तर तो 'होम' सोडून सिस्टिमची फोल्डरे साफ करून नवीन भरत असे, आणि त्यात कोहाच्या नोंदी वाचतील असे धरता येत नव्हते. २३.०४ पासून डेस्कटॉपसाठी इन्स्टॉलरच नवीन आला. ताईंच्या पेनड्राइव्हवर २४.०४ आहे, त्यामुळे जुन्या इन्स्टॉलरची चित्रे असलेले लेख त्याला तसेच लागू पडतील असे समजून पुढे जाऊ नये. ज्यांचे 'होम' वेगळ्या पार्टिशनवर आहे त्यांच्यासाठी हा मार्ग पुष्कळ सरळ आहे, परंतु तेथेही फॉरमॅटच्या एका खुणेवर सारे अवलंबून असते.

आता दिलासा देणारी बाब. कोहा डेबियन-पॅकेजच्या पद्धतीने बसवले असेल तर ते रोज आपोआप स्वतःचा बॅकअप घेते. तो 'व्हार'मधील 'स्पूल', त्यातील 'कोहा', आणि त्यात आपल्या वाचनालयाच्या नावाच्या फोल्डरात सापडतो. तेथे तारखेच्या नावाच्या दोन प्रकारच्या फाइली दिसतील: एकीत डेटाबेसचा मजकूर असतो, दुसरीत मांडणी. मुळातल्या सेटिंगप्रमाणे मोजक्या दिवसांचेच बॅकअप ठेवले जातात, जुने पुसले जातात. संगणक सुरूच होत नसल्यामुळे शेवटचे बॅकअप तेथे थांबलेले असतील. लाइव्ह सत्रातून ते उचलावेत. फाइलींचा आकार शून्य नाही आणि शेवटची तारीख बिघाडाच्या आसपासची आहे, एवढे पाहावे. त्यासोबत संपूर्ण 'ईटीसी', डेटाबेसचे मूळ फोल्डर, आणि 'ऑप्ट' व 'यूएसआर'मधील 'लोकल' हेही घ्यावे. जागा फार लागत नाही. डेटाबेसचे मूळ फोल्डर ही दुय्यम सोय आहे, कारण वेगळ्या आवृत्तीवर ते तसेच उघडेल असे नसते. लाइव्ह सत्रात डेटाबेस बंद असतो, म्हणून त्याची प्रत घेण्यास हरकत नाही. चालू डेटाबेसचे फोल्डर मात्र कधीही साध्या प्रतीने उचलू नये, तेथे डेटाबेसचा मजकूर फाइलीत उतरवून देणारी 'मायएसक्यूएलडंप' किंवा 'कोहा-डंप' ही आज्ञा हवी.

नवीन सिस्टिमवर कोहा बसवून 'कोहा-रिस्टोअर'ला या दोन्ही फाइली द्याव्या लागतात. नवीन कोहाची आवृत्ती जुन्याइतकी किंवा तिच्यापेक्षा पुढची असावी, मागची नसावी. त्यानंतर डेटाबेसची रचना नवीन आवृत्तीला जुळवून घ्यावी आणि शोध-सूची पुन्हा बांधून घ्यावी. सूची बांधली नाही तर पुस्तके डेटाबेसमध्ये असूनही शोधात येत नाहीत, आणि नोंदी गेल्या असा गैरसमज होतो.

---

ग्रंथपाल, दिग्रस तालुका (यवतमाळ)

सर्वांचे मनापासून आभार. डिस्कची तब्येत पाहिली, दोन्ही ओळींपुढे शून्य आहे. कोहाच्या फोल्डरात बिघाडाच्या आदल्या दिवसाचा बॅकअप मिळाला. समितीशी बोलून एसएसडी मागवली आहे. तोपर्यंत बाहेरच्या डिस्कवर प्रत घेण्यास सुरुवात केली, परंतु समितीच्या अध्यक्षांना ती विंडोजमध्येही उघडायला हवी असल्यामुळे मी तिला ईएक्सटी४ न करता एक्सफॅटच ठेवले. बहुतेक फाइली गेल्या, पण काही मुद्रणांसाठी 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट' अशी चूक येते. त्या फाइली मूळ डिस्कवर व्यवस्थित वाजतात.

गुरुजींच्या लॅपटॉपवरची मुद्रणे एका पेनड्राइव्हवर आणली आहेत. त्यांनी मोठ्या कष्टाने प्रत्येक फाइलीला गायिकेचे नाव, गाव, प्रसंग आणि ओवीची पहिली ओळ असे लांब मराठी नाव दिले आहे. यांतील काही फाइली मी नमुना म्हणून दुसऱ्या एका उबंटू लॅपटॉपवर उतरवू पाहिल्या, तर नाव फार लांब आहे असे म्हणून ते नाकारले गेले. विंडोजवर चाललेले नाव येथे का चालत नाही, आणि ही नावे न गमावता काय करता येईल?

आणखी एक विचारायचे आहे. नवीन सिस्टिम बसल्यावर जुने 'होम' संपूर्ण तिच्यावर ओतावे का?

---

तंत्रस्नेही शिक्षक, आर्वी (वर्धा)

ताई, दोन्ही अडचणींचे मूळ नावांत आहे, मुद्रणांत काही बिघाड नाही.

पहिल्या अडचणीत, ज्या फाइली गेल्या नाहीत त्यांच्या नावांत विसर्गासारखे दिसणारे अपूर्णविरामाचे चिन्ह, प्रश्नचिन्ह किंवा दुहेरी अवतरणचिन्ह आहे का ते पाहावे. लिनक्समध्ये फाइलीच्या नावात तिरकी रेघ सोडली तर जवळजवळ प्रत्येक चिन्ह चालते, एक्सफॅटमध्ये ही चिन्हे चालत नाहीत. 'ओव्या: भाग दुसरा' असे नाव असेल तर प्रत होत नाही. नावे बदलत बसण्याऐवजी अशा फोल्डरांची 'टार' पद्धतीने एक-एक मोट बांधावी आणि ती मोट बाहेरच्या डिस्कवर ठेवावी. मोटेच्या आत मूळ नावे, मालकी आणि परवानग्या तशाच राहतात, बाहेरून फक्त एक साधे नाव दिसते. एक्सफॅटवर मोठी मोट चालते. ती डिस्क फॅट३२ असती तर एका फाइलीला ४ जीबीची मर्यादा आडवी आली असती, म्हणून कोणत्याही जुन्या पेनड्राइव्हवर असे करताना हे लक्षात असू द्यावे. अध्यक्षांना विंडोजवर ऐकायच्या फाइली साध्या प्रतीने ठेवाव्यात आणि त्याच्याच जोडीला संपूर्ण 'होम'ची एक मोट ठेवावी. एक टीबीत दोन्ही मावतील.

दुसरी अडचण मराठीत फाइलींना नावे देणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी येते. विंडोजची एनटीएफएस पद्धत नावासाठी २५५ अक्षर-एकके देते आणि देवनागरीचे एक चिन्ह तेथे एकच एकक घेते. ईएक्सटी४ मात्र २५५ बाइट देते, आणि यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. म्हणजे येथे ८५ चिन्हांपुढे नाव जात नाही. शिवाय चिन्ह म्हणजे आपण वाचताना मोजतो ते अक्षर नव्हे. मात्रा, अनुस्वार आणि पायमोडका हलन्त हे सगळे वेगवेगळे मोजले जातात. 'क्षे' हे एक अक्षर लिहायला क, हलन्त, ष आणि मात्रा अशी चार चिन्हे, म्हणजे १२ बाइट लागतात. ओवीची पहिली ओळ नावात घातल्यावर ८५ चिन्हे सहज ओलांडली जातात. आपले 'होम' जुन्या, १८.०४ पूर्वीच्या उबंटूच्या 'एनक्रिप्टेड होम' पद्धतीचे असते तर मर्यादा आणखी खाली, १४३ बाइटवर आली असती.

गुरुजींची नावे ही केवळ नावे नाहीत, तो मुद्रणांचा दस्तऐवज आहे, आणि आपण तो तोडता कामा नये. त्यांच्या लॅपटॉपवरच लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये एक तक्ता करावा. एका रकान्यात लहान सांकेतिक नाव, म्हणजे गावाची आद्याक्षरे, वर्ष आणि क्रमांक. दुसऱ्या रकान्यात गुरुजींनी दिलेले पूर्ण नाव. शक्य असल्यास गायिका, गाव, प्रसंग यांचे वेगळे रकाने करून घ्यावेत, कारण मग कोणत्या गावातून काय मिळाले हे शोधणे सोपे होईल. फाइलींना सांकेतिक नावे द्यावीत आणि हा तक्ता मुद्रणांच्या प्रत्येक प्रतीसोबत ठेवावा. त्याची छापील प्रत वाचनालयाच्या दप्तरातही असावी. नावे बदलण्याआधी मूळ नावांची फाइल-यादी काढून ठेवणे मात्र विसरू नये.

---

संगणक दुरुस्ती, मूर्तिजापूर (अकोला)

ताईंच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देतो. जुने 'होम' सगळेच्या सगळे नवीन सिस्टिमवर ओतू नका. तुमची माणसे-कागद-गाणी असलेली उघडी फोल्डरे आणा, आणि टिंबाची फोल्डरे गरज पडेल तशी एकेक आणा. जुन्या डेस्कटॉपची मांडणी नवीन डेस्कटॉपवर लादली की भलतेच प्रश्न उभे राहतात आणि मग वाटते नवीन सिस्टिमच खराब आहे.

फायरफॉक्सचे बघा: २०.०४ मध्ये त्याचे घर '.मोझिला'त होते, पण २२.०४ पासून उबंटूत फायरफॉक्स स्नॅप या वेगळ्या प्रकारच्या पॅकेजमधून येतो आणि त्याचे घर 'स्नॅप' फोल्डरातील 'फायरफॉक्स', त्यातील 'कॉमन', त्यातील '.मोझिला' असे आत गेले आहे. जुने फोल्डर जुन्या जागी टाकून पासवर्ड दिसले नाहीत म्हणून घाबरू नका. आतल्या जागी न्या. पासवर्डसाठी 'लॉगिन्स.जेसन' आणि 'की४.डीबी' या दोन्ही फाइली एकत्र लागतात, एकटी चालत नाही. क्रोम वापरत असाल तर त्याच्या पासवर्डची किल्ली वेगळ्या जागी, '.लोकल'मधील 'कीरिंग्स'मध्ये असते, तेही सोबत घ्या.

नवीन सिस्टिमवर पहिला वापरकर्ता तुमच्या जुन्या नावानेच बनवा. उबंटूत पहिल्या वापरकर्त्याचा क्रमांक १००० असतो आणि फाइलीची मालकी नावाने नव्हे, या क्रमांकाने ओळखली जाते. वाचनालयात सहायकाचे वेगळे खाते असेल तर जुन्या क्रमानेच दोन्ही खाती बनवा. तरीही एखाद्या फोल्डरला कुलूप दिसले तर फक्त त्या फोल्डरची मालकी 'चोन'ने बदलून घ्या. सबंध डिस्कवर ती आज्ञा चालवू नका.

अजून एक. अडलेल्या फाइलींसह तुमची प्रत पूर्ण होऊन तपासून झाली, की एसएसडी येईपर्यंत जुनी सिस्टिम दुरुस्त होते का तेही पाहा. संगणक सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून ग्रबचा (सिस्टिम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमचा) मेनू आणा, 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून 'रिकव्हरी मोड' निवडा आणि त्यातला 'डीपीकेजी' हा पर्याय चालवा. अर्धवट राहिलेली पॅकेजेस तो पूर्ण करायला बघतो. चालू झाली तर कोहाचा ताजा डंप घेता येईल. मात्र २०.०४ चे सर्वसाधारण अपडेट मे २०२५ मध्ये थांबले आहेत, त्यामुळे दुरुस्त झाली तरी पुढे २४.०४ वर जायचेच आहे.

---

ग्रंथालय-प्रणाली पाहणारा, अमरावती

एक छोटी पुस्ती. काही जण 'टाइमशिफ्ट' हा बॅकअपचा प्रोग्रॅम चालू आहे म्हणून निर्धास्त असतात. ते सिस्टिमच्या फाइलींसाठी आहे आणि मुळातल्या सेटिंगप्रमाणे 'होम' वगळते. शिवाय त्याच डिस्कवर ठेवलेले असेल तर डिस्कसोबत तेही जाते. वैयक्तिक फाइलींसाठी उबंटूमध्ये 'बॅकअप्स' नावाने मिळणारा 'देजा डूप' वापरावा आणि त्याचे ठिकाण बाहेरची डिस्क ठेवावे. कोहाचे 'स्पूल' फोल्डर त्याच्या यादीत हाताने घालावे लागेल.

बाहेरची डिस्क वाचनालयाच्या त्याच टेबलाच्या खणात ठेवू नये. एक प्रत गुरुजींच्या घरी आणि जमल्यास तिसरी तालुक्याच्या ठिकाणी कोणा विश्वासू व्यक्तीकडे असावी. इंटरनेट नसले तरी दर महिन्याला ग्रंथालयाच्या बैठकीला जाताना ती अदलाबदल होऊ शकते. मुद्रणांत गायिकांची नावे-गावे असल्यामुळे बाहेर ठेवायच्या डिस्कवर लक्स पद्धतीचे कुलूप (सांकेतिक शब्दाशिवाय डिस्क वाचता येऊ न देणारी लिनक्सची सोय) लावावे आणि त्याचा सांकेतिक शब्द समितीच्या दोन पदाधिकाऱ्यांकडे बंद पाकिटात लिहून द्यावा.

---

ग्रंथपाल, दिग्रस तालुका (यवतमाळ)

अपूर्णविरामाचेच कारण निघाले. अडलेल्या मुद्रणांची टारने मोट बांधली आणि ती वगळून बाकीच्या फाइलींची 'चेकसम'ची तपासणी एकही नाव न दाखवता पूर्ण झाली. रिकव्हरी मोडमधील 'डीपीकेजी' चालवल्यावर जुनी सिस्टिम मजकुराच्या पडद्यापर्यंत आली, चित्रमय डेस्कटॉप आला नाही; परंतु तेवढ्यात 'कोहा-डंप' घेता आला. एसएसडी आल्यावर जुन्या डिस्कची केबल काढूनच २४.०४ टाकणार आहे. गुरुजींनी तक्त्याचे काम स्वतःकडे घेतले आहे. लक्सच्या कुलपाबाबत समितीच्या बैठकीनंतर येथेच विचारीन.